पाळी आणणाऱ्या गोळ्या : एका संशयाची २१ वर्षे

‘नेचर’ या ब्रिटिश विज्ञान साप्ताहिकात १९६७ मध्ये डॉ. इसाबेल गाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे एक छोटे टिपण प्रसिद्ध झाले, आणि त्या टिपणाने ज्या जातीच्या औषधांबद्दल संशय व्यक्त केला होता त्या औषधांवर भारत सरकारने अंतिम बंदी घातली ती जून १९८८ मध्ये. मधल्या २१ वर्षांत ही औषधे मुंबई-पुण्यातल्या दवाखान्यांतून आणि तळेगाव दाभाडेसारख्या लोहमार्गावरच्या लहान गावांतल्या औषधांच्या दुकानांतून चिठ्ठीवर, आणि पुष्कळदा चिठ्ठीशिवायही, दिली जात राहिली. वैद्यकीय व्यवसाय औषधांच्या धोक्याचा पुरावा स्वीकारायला इतका वेळ का घेतो, हा प्रश्न विचारला की साधारणपणे कंपन्यांचा नफेखोरपणा आणि सरकारी दिरंगाई ही दोन उत्तरे पुढे येतात. ती खोटी नाहीत. परंतु या प्रकरणाचा मागोवा घेतला असता असे दिसते की विलंबाचे मूळ त्याहून खोल, खुद्द डॉक्टरच्या रोजच्या कामाच्या घडणीत होते, आणि प्रामाणिक, कष्टाळू, रुग्णांच्या विश्वासातले डॉक्टरही त्यातून सुटलेले नव्हते.

ही औषधे म्हणजे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या दोन स्त्री-संप्रेरकांची, म्हणजे शरीरातील ग्रंथी रक्तात सोडतात त्या रासायनिक संदेशवाहकांची, मोठ्या मात्रेतील कृत्रिम जोडगोळी. दोन्ही नावांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांना ‘ईपी औषधे’ असे म्हटले जाई. स्त्रीने या गोळ्या एकदोन दिवस घ्यायच्या आणि थांबायचे, एवढाच विधी होता. गोळ्यांतील संप्रेरकांमुळे गर्भाशयाचे आतले अस्तर टिकून राहते, गोळ्या थांबल्या की त्याचा आधार सुटतो आणि काही दिवसांत अंगावरून जाऊ लागते. पण दिवस गेलेले असतील तर शरीर स्वतःच ही संप्रेरके पुरवत असल्याने रक्तस्राव होत नाही. म्हणजे गोळ्या घेऊनही पाळी आली नाही तर बाई गरोदर आहे असे समजायचे. प्रयोगशाळा, लघवीची बाटली, अहवालाची वाट पाहणे, यांपैकी कशाचीच गरज नसलेली ही गर्भनिदानाची पद्धत १९५० आणि १९६० च्या दशकांत जगभर रूढ झाली. ब्रिटनमध्ये तिचे सर्वांत परिचित नाव ‘प्रायमोडॉस’, तर जर्मनीत ‘ड्युओगायनॉन’ असे होते.

या पद्धतीतला दोष तिच्या रचनेतच होता, आणि तो ओळखायला फार मोठ्या संशोधनाची नव्हे तर केवळ दिनदर्शिकेची गरज होती. अठ्ठावीस दिवसांचे चक्र धरले तर पाळी आठ-दहा दिवस चुकल्यावर डॉक्टरकडे आलेल्या गरोदर स्त्रीच्या पोटातील गर्भ बावीस ते चोवीस दिवसांचा असतो. नेमक्या याच दिवसांत गर्भाच्या पाठीवरची खाच मिटून तिची नळी होत असते, जिच्यापासून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू तयार होतात; ही नळी अठ्ठाविसाव्या दिवसाच्या सुमारास पूर्ण बंद होते आणि ती नीट बंद झाली नाही तर मूल पाठीच्या कण्यात उघडी फट घेऊन जन्माला येते. हृदयाचे पहिले ठोकेही याच आठवड्यातले. जी स्त्री गरोदर नाही तिला या गोळ्यांपासून फारसे भय नव्हते आणि जी गरोदर आहे तिला त्यांचा उपचार म्हणून काडीचाही उपयोग नव्हता. मात्र चाचणीचा निकाल ‘होय’ असा आला की त्याचा अर्थच हा असे की गर्भाला सर्वांत नाजूक आठवड्यात संप्रेरकांची मोठी मात्रा मिळून चुकली आहे.

डॉ. गाल इंग्लंडमध्ये सरे परगण्यातील लहान मुलांच्या एका रुग्णालयात काम करत होत्या. पाठीच्या कण्यात फट किंवा डोक्यात पाणी साठण्याचा विकार घेऊन जन्मलेल्या मुलांच्या १०० माता आणि निरोगी मुलांच्या १०० माता यांची त्यांनी तुलना केली, तेव्हा पहिल्या गटातील १९ मातांनी संप्रेरकांच्या गोळ्यांची गर्भचाचणी केलेली आढळली, तर दुसऱ्या गटात अशा माता ४ होत्या. हा आकडा निर्णायक नव्हता. आजारी मुलाची आई गरोदरपणातल्या प्रत्येक गोळीची आठवण खोदून काढते आणि निरोगी मुलाची आई विसरून जाते, हा अशा अभ्यासांतला परिचित धोका आहे आणि टीकाकारांनी तो लगेच दाखवूनही दिला. पण तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय होते, हे तेव्हा फारसे कोणी विचारले नाही. लघवीतील गर्भसंप्रेरक ओळखणारी प्रतिद्रव्यांची चाचणी १९६० मध्येच स्वीडनमध्ये विकसित झाली होती, आणि त्याआधीपासून बेडकांवरची चाचणी उपलब्ध होती. दोन्हींत स्त्रीच्या पोटात काहीही जात नव्हते. ज्या औषधाला बिनधोक पर्याय हाताशी आहे, त्याच्याबाबतीत धोक्याचा अर्धा पुरावाही पुरेसा मानायला हवा होता, आणि नॉर्वे व स्वीडन या देशांनी १९७० च्या सुमारास तो तसा मानून गर्भनिदानासाठीचा वापर थांबवला. ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने डॉक्टरांना अधिकृत इशारा दिला तो १९७५ मध्ये, आणि तेथील बाजारातून औषध गेले १९७८ मध्ये.

थॅलिडोमाइडची आठवण तर तेव्हा अगदी ताजी होती. गरोदर स्त्रियांना मळमळीवर दिलेल्या या औषधामुळे हातपाय अपुरे असलेली हजारो मुले जन्माला आली होती आणि १९६१ मध्ये ते मागे घेतले गेले होते. तरीही त्या घटनेतून व्यवसायाने जो धडा घेतला तो मर्यादित होता : धोकादायक औषध म्हणजे पाहताक्षणी ओळखू येईल असे, पूर्वी कधी न दिसलेले व्यंग निर्माण करणारे औषध, अशी एक समजूत त्यातून रुजली. जे औषध आधीपासून होत असलेल्या व्यंगांचेच प्रमाण थोडे वाढवते, ते या समजुतीच्या चाळणीतून सहज निसटते.

ही चाळणी किती मोठ्या भोकांची असते याचे गणित मांडून पाहण्यासारखे आहे. उदाहरणादाखल असे धरावे की दर हजार जन्मांत दोन मुलांना मज्जारज्जूच्या नळीचा विकार असतो आणि एका गावातील डॉक्टर वर्षाला शंभर बाळंतपणे करतो. त्याला असे मूल सरासरीने पाच वर्षांतून एकदा दिसेल. त्याच्या रुग्णांपैकी दहांतल्या एकीने गोळ्या घेतल्या आणि गोळ्यांमुळे धोका चौपट झाला असे मानले, तरी त्याच्या एकूण अनुभवात पाच वर्षांतून एकदा दिसणारे मूल पावणेचार-चार वर्षांतून एकदा दिसू लागेल. एवढा फरक कोणत्याही माणसाच्या स्मरणशक्तीला टिपता येणार नाही. ‘इतकी वर्षे देतो आहे, मला तर काही आढळले नाही’ हे डॉक्टरचे वाक्य म्हणूनच खोटे नसे. त्याने पाहिलेले तो तंतोतंत सांगत असे. चूक होती ती आपल्या पाहण्याला मोजणी समजण्यात.

महाराष्ट्रात या पाहण्याला आणखी एक खीळ होती, जिचा उल्लेख पाश्चात्त्य चर्चांत सापडणार नाही. ती म्हणजे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत. पिंपरी परिसराचे उदाहरण घ्यावे. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने उभी राहिली, पुढच्या वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले, त्यामागोमाग पुढच्या दशकात चिंचवड, आकुर्डी, भोसरीकडे मोटारींचे आणि यंत्रांचे कारखाने आले, आणि त्या कारखान्यांत कामाला सातारा, सोलापूर, मराठवाडा, खानदेश येथून आलेली तरुण कुटुंबे पिंपरीपासून देहूरोड, तळेगावपर्यंत लोकलच्या कडेकडेने वसत गेली. अशा कुटुंबातली नवी सून पाळी चुकल्यावर नवऱ्याबरोबर जवळच्या डॉक्टरकडे जाई, गोळ्या घेई, पाळी न आल्याने ‘दिवस गेले’ असे कळून घरात साखर वाटली जाई, आणि सातव्या महिन्यात ओटी भरून ती शेकडो मैलांवरच्या माहेरी निघून जाई. बाळंतपण तिकडच्या सुईणीच्या किंवा तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरच्या हातून होई. मूल सव्यंग निघाले किंवा जन्मतःच गेले तर ते पाहणाऱ्या माणसाला दुसऱ्या महिन्यातल्या गोळ्यांची वार्ता नसे, आणि गोळ्या देणाऱ्या माणसाच्या कानावर मुलाची गोष्ट गेलीच तरी ‘मूल राहिले नाही’ एवढीच जाई. घरात दोष मुलीच्या नशिबाला, ग्रहणात भाजी चिरण्याला किंवा माहेरच्या हवापाण्याला दिला जाई. कारण आणि परिणाम यांची गाठ ज्या एकाच व्यक्तीच्या आयुष्यात पडत होती ती व्यक्ती म्हणजे स्वतः ती बाई, आणि तिला कोणी विचारत नव्हते.

डॉक्टर मग कोणाच्या सांगण्यावर विसंबत होता? वैद्यकीय पदवी मिळाल्यानंतर त्याला नवे औषधज्ञान देणारी कोणतीही सक्तीची व्यवस्था नव्हती. ‘नेचर’ तर दूरच, भारतीय वैद्यकीय नियतकालिकेही लहान गावात क्वचित पोहोचत. पोहोचत असे तो औषध कंपनीचा प्रतिनिधी, ज्याला सगळे ‘एमआर’ म्हणतात : ठरलेल्या वारी, दुपारची गर्दी ओसरल्यावर, चामड्याच्या बॅगेतून गुळगुळीत कागदावरचे माहितीपत्रक, चार नमुन्याच्या पट्ट्या आणि नव्या वर्षाची डायरी टेबलावर ठेवणारा, अदबीने बोलणारा तरुण. तो खोटे बोलत असे असे नाही. कंपनीने त्याला जे पाठ करायला दिले ते तो सांगत असे आणि जे दिले नाही ते त्यालाही ठाऊक नसे. जयसुखलाल हाथी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७५ च्या आपल्या अहवालात देशाच्या बहुतेक गरजा ११७ अत्यावश्यक औषधांत भागू शकतात असे दाखवून दिले, तेव्हा बाजारात हजारो मिश्रणे खपत होती. १९८३ मध्ये केंद्र सरकारने बंदी घातलेल्या औषधांची पहिली मोठी यादी वाचली की त्या बाजाराचा अंदाज येतो. शक्तिवर्धक टॉनिकांत कुचल्याच्या बियांतले स्ट्रिकनिन हे विष, लोहाच्या औषधात स्ट्रिकनिनबरोबर आर्सेनिक म्हणजे सोमल, टेट्रासायक्लिनबरोबर क जीवनसत्त्व, असे पदार्थ तोवर कायदेशीररीत्या तयार होत होते आणि डॉक्टर ते लिहून देत होते. त्याच यादीत अ‍ॅमिडोपायरिन हे वेदनाशामक होते. त्याच्यामुळे रक्तातील पांढऱ्या पेशी एकाएकी नाहीशा होऊन रुग्ण दगावू शकतो, हे अमेरिकेत मॅडिसन आणि स्क्वायर यांनी १९३४ मध्येच दाखवले होते. ४९ वर्षांचा हा विलंब पाहता ईपी औषधांची २१ वर्षे अपवादात्मक मानता येत नाहीत.

एक गोष्ट मात्र ईपी औषधांच्या बाबतीत निराळी होती, आणि तिच्यामुळे भारतातला वापर गर्भनिदानापुरता राहिला नाही. पाळी न येणे म्हणजे गरोदरपण असा निकाल घेण्यासाठी नव्हे, तर नको असलेले गरोदरपण मोडून पाळी यावी या आशेने स्त्रिया या गोळ्या मागू लागल्या. गर्भपाताला मर्यादित मान्यता देणारा कायदा १९७१ मध्ये झाला आणि पुढच्या वर्षी लागू झाला, पण मान्यताप्राप्त केंद्र गाठणे, तेथे नाव सांगणे, घरच्यांना कळणे, हे सगळे टाळून केमिस्टकडून चार गोळ्या आणणे अनेकींना सोपे वाटले. गोळ्यांनी गर्भपात होत नसे. मात्रा दुप्पट-तिप्पट करून पाहिली जाई, तरी होत नसे; आणि मग ते गरोदरपण पुढे चालू ठेवण्याशिवाय गत्यंतर न उरलेल्या स्त्रीच्या गर्भाला संप्रेरकांची सर्वांत मोठी मात्रा मिळालेली असे. या वापराला कोणत्याही पाठ्यपुस्तकाचा आधार नव्हता. तो डॉक्टरांच्या नजरेसमोर वाढला, आणि ‘लोक दुरुपयोग करतात, त्याला आम्ही काय करणार’ हे उत्तर पुढे बंदीच्या विरोधातला मुख्य युक्तिवाद बनले.

संप्रेरकांचा विषय डॉक्टरांना नवा होता असेही नाही. गर्भपात टाळण्यासाठी दिल्या जाणाऱ्या डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉल या कृत्रिम इस्ट्रोजेनचा काहीही उपयोग होत नाही, हे शिकागोतील डीकमन यांच्या तुलनात्मक चाचणीने १९५३ मध्ये सिद्ध केले होते. तरी अमेरिकेत ते पुढे १८ वर्षे लिहिले जात राहिले. १९७१ मध्ये बोस्टनच्या हर्ब्स्ट आणि सहकाऱ्यांना तरुण मुलींमधील योनिमार्गाच्या अतिदुर्मीळ कर्करोगाचे आठ रुग्ण आढळले आणि त्यांपैकी सात जणींच्या आयांनी गरोदरपणात हे औषध घेतले असल्याचे निष्पन्न झाले, तेव्हा कुठे ते थांबले. औषधाचा परिणाम वीस वर्षांनी पुढच्या पिढीत उमटू शकतो, ही गोष्ट १९७१ नंतर कोणत्याही स्त्रीरोगतज्ज्ञाला माहीत नव्हती असे म्हणता येणार नाही. ती माहीत असूनही आपल्या हातातल्या गोळीला लागू होते असे मात्र वाटत नव्हते, कारण तसे मानणे म्हणजे मागे वळून आजवर लिहिलेल्या प्रत्येक चिठ्ठीकडे पाहणे. ज्या डॉक्टरने पंधरा वर्षे शेकडो बायकांना विश्वासाने ही गोळी दिली, त्याच्यापुढे पुरावा आला की तो केवळ औषधाविरुद्धचा उरत नाही, त्याच्या स्वतःच्या हाताविरुद्धचा होतो. या मानवी अडचणीचा कठोर निषेध करण्यात अर्थ नाही. मात्र तिचा भार बायकांनी आणि मुलांनी का वाहावा, हा प्रश्न त्यामुळे संपत नाही.

तो प्रश्न उघडपणे विचारणारे लोक १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात पुढे आले. जयप्रकाश नारायण यांच्या आंदोलनाच्या वातावरणात १९७४ च्या सुमारास तरुण डॉक्टरांचा ‘मेडिको फ्रेंड सर्कल’ हा गट तयार झाला होता आणि त्याचा सेवाग्रामशी जवळचा संबंध होता. पुण्यात आरोग्य दक्षता मंडळ, तसेच डॉ. अनंत फडके आणि त्यांचे सहकारी कार्यरत असलेली लोकविज्ञान संघटना औषधांच्या शास्त्रशुद्ध वापरासाठी प्रचार करू लागली. मुंबईत स्त्रियांच्या संघटना आरोग्याचा प्रश्न स्त्रीमुक्तीचा प्रश्न म्हणून मांडू लागल्या. या सर्वांनी मिळून केलेले महत्त्वाचे काम म्हणजे परदेशी नियतकालिकांतला पुरावा मराठी, हिंदी आणि सोप्या इंग्रजी पत्रकांत उतरवून तो डॉक्टरांबरोबरच औषध घेणाऱ्या बाईच्या हाती देणे. वैद्यकीय पुराव्याचा वाचक फक्त डॉक्टरच असतो ही मांडणी त्यांनी मोडली, आणि त्यामुळे व्यवसायातील अनेकांचा रोष ओढवून घेतला. औषधाच्या बऱ्यावाईटाचा निवाडा बाहेरच्या लोकांनी करावा, तोही पत्रके आणि मोर्चे यांच्या आधारे, हे त्यांना आपल्या ज्ञानाचा अपमान वाटे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांचे मत विरोधात गेल्यावर १९८२ मध्ये औषध नियंत्रकांनी मोठ्या मात्रेची ईपी औषधे बंद करण्याचा आदेश काढला. त्याच वर्षी औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात दुरुस्ती होऊन कलम २६अ आले, ज्याने लोकहितासाठी एखाद्या औषधाचे उत्पादन आणि विक्री देशभर थांबवण्याचा अधिकार केंद्र सरकारला प्रथमच स्पष्टपणे दिला. परंतु उत्पादकांनी कलकत्ता आणि मुंबई उच्च न्यायालयांतून स्थगिती मिळवली आणि शास्त्रीय दृष्टीने निकालात निघालेले औषध कायद्याच्या संरक्षणाखाली आणखी सहा वर्षे विकले गेले. या सहा वर्षांत चिठ्ठी लिहिणारा हात मोकळाच होता, हे विसरता कामा नये. न्यायालयाची स्थगिती कारखान्याला औषध बनवू देत होती, पण कोणत्याही डॉक्टरला ते लिहून देण्याची सक्ती करत नव्हती. व्यवसायाने ठरवले असते तर खटला चालू असतानाच औषध दुकानांच्या फळ्यांवर पडून राहिले असते.

याच काळात, १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले १४ रुग्ण मरण पावले. मेंदूवरची सूज किंवा डोळ्यातला दाब उतरवण्यासाठी तोंडावाटे देण्यात येणाऱ्या त्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंड नष्ट करणारे औद्योगिक द्रावण मिसळलेले होते. याच द्रावणाने १९३७ मध्ये अमेरिकेत शंभराहून अधिक बळी घेतले होते आणि तेथील नवा औषध कायदा त्यातूनच जन्मला होता. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीपासून अन्न व औषध प्रशासनापर्यंतची सगळी साखळी उघडी केली आणि मुंबईचे मेंदूशल्यविशारद डॉ. सुनील पंड्या यांनी १९८८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ती शोकांतिका जगापुढे मांडली. ते प्रकरण भेसळीचे होते, ईपीचे नव्हते. तरी दोन्हींमध्ये एक धागा समान होता : गंभीर आजारी माणूस दगावला की डॉक्टरची नजर आधी आजाराकडे जाते, बाटलीकडे नंतर. लेंटिन आयोगाच्या कामकाजाच्या बातम्या रोज छापून येत असताना औषधांच्या सुरक्षिततेचा विषय मराठी घरांत प्रथमच जेवणाच्या ताटावर बोलला जाऊ लागला, आणि ईपीविरोधी मोहिमेला त्या वातावरणाचे बळ मिळाले असावे असे मानायला जागा आहे.

मार्च १९८७ मध्ये केरळचे वकील व्हिन्सेंट पनिकुलंगरा यांच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने घातक औषधांपासून लोकांचे रक्षण करणे हे सरकारचे कर्तव्य आहे असे ठामपणे नोंदवले, आणि त्याच वर्षी ईपी औषधांबाबत दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे औषध नियंत्रकांसमोर जाहीर सुनावण्या झाल्या. भारतात एखाद्या औषधाविषयी अशी खुली सुनावणी पूर्वी झालेली नव्हती. एका बाजूला कंपन्यांचे प्रतिनिधी आणि त्यांच्या बाजूने बोलणारे स्त्रीरोगतज्ज्ञ, दुसऱ्या बाजूला औषधशास्त्राचे जाणकार, कार्यकर्ते डॉक्टर आणि स्त्री-संघटना, असे तिचे चित्र होते. औषधाच्या बाजूचे म्हणणे साधारण तीन प्रकारचे होते. पुरावा निर्विवाद नाही. तो परदेशी स्त्रियांवरचा आहे, भारतीय स्त्रियांवरचा नाही. आणि अनियमित पाळी किंवा अतिरक्तस्राव यांसाठी औषध उपयोगी असल्याने गरोदर स्त्रीला देऊ नये एवढी सूचना वेष्टनावर छापली की पुरे. यांतले पहिले म्हणणे अंशतः खरे होते आणि म्हणूनच सर्वांत भुलवणारे होते. निर्विवाद पुराव्याची अट औषध बाजारात आणताना कोणी घातली नव्हती. ती घातली गेली ते बाहेर काढताना. दुसऱ्या म्हणण्यातली अडचण अशी की भारतात सव्यंग जन्मांची देशव्यापी नोंद ठेवलीच जात नव्हती, आणि नोंदच नसलेल्या ठिकाणी ‘भारतीय पुरावा दाखवा’ असे म्हणणे म्हणजे उजेड नसलेल्या खोलीत हरवलेली वस्तू दाखवायला सांगणे. तिसऱ्याचे उत्तर बाजारच देत होता. ज्या देशात गोळ्यांची पट्टी कात्रीने कापून सुट्या गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून दिल्या जातात, तेथे वेष्टनावरची सूचना घेणाऱ्या बाईपर्यंत पोहोचत नाही, आणि पोहोचली तरी ती इंग्रजीत असते.

जून १९८८ मध्ये बंदी आली. तिच्या सुधारित रूपात सीमारेषा अशी आखली गेली : गर्भनिरोधक वगळता, ज्या गोळीत इथिनिल इस्ट्राडायॉलच्या हिशेबाने ५० मायक्रोग्रॅमहून जास्त इस्ट्रोजेन आणि नॉरएथिस्टेरॉन अ‍ॅसिटेटच्या हिशेबाने ३ मिलिग्रॅमहून जास्त प्रोजेस्टिन आहे ती निषिद्ध, आणि या दोन कृत्रिम संप्रेरकांची एकत्र इंजेक्शनेही निषिद्ध. सरकारी दवाखान्यांतून मिळणाऱ्या ‘माला-एन’ या गर्भनिरोधक गोळीत इस्ट्रोजेन ३० मायक्रोग्रॅम असते, तर ‘प्रायमोडॉस’च्या एका गोळीत १० मिलिग्रॅम नॉरएथिस्टेरॉन होते, हे आकडे वरच्या सीमारेषेशी ताडून पाहता येतील.

डॉ. गाल यांचा संशय बरोबर होता का, हा वाद ब्रिटनमध्ये अजून मिटलेला नाही. २०१७ मध्ये तेथील सरकारी तज्ज्ञगटाने कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही असा निष्कर्ष काढला. पुढच्याच वर्षी ऑक्सफर्डच्या कार्ल हेनेगन आणि सहकाऱ्यांनी जुन्या सगळ्या अभ्यासांचे एकत्रित गणित करून व्यंगांशी संबंध दिसतो असे दाखवले. परंतु बॅरोनेस कंबरलेज यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीने जुलै २०२० मध्ये दिलेला निर्णय या वादाच्या पलीकडचा आहे. धोका सिद्ध झाला होता की नाही, यावर तो अवलंबून नाही. संशय निर्माण झाला होता, सुरक्षित पर्याय होता आणि औषधाचा उपचार म्हणून उपयोग नव्हता, म्हणून ते १९६७ मध्येच काढून घ्यायला हवे होते, असे त्या अहवालाने म्हटले. पुण्या-मुंबईतील कार्यकर्त्या डॉक्टरांनी आणि स्त्रियांनी त्याआधी ३३ वर्षे, जाहीर सुनावणीत, याहून निराळे काही सांगितले नव्हते.

ब्रिटनमधील चौकशीपुढे साक्ष द्यायला कुटुंबे होती, कारण १९७८ पासून त्यांची संघटना होती आणि त्यांच्याकडे नावे, तारखा, जन्मनोंदी होत्या. महाराष्ट्रात अशी यादी कधी तयार झाली नाही. डॉक्टरांनी औषधांच्या दुष्परिणामांची माहिती कळवण्याची ‘यलो कार्ड’ पद्धत ब्रिटनमध्ये १९६४ पासून होती आणि जागतिक आरोग्य संघटनेचा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम १९६८ मध्ये सुरू झाला. भारत त्यात सहभागी झाला तो १९९० च्या दशकाच्या अखेरीस, तेव्हा मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय मोजक्या केंद्रांपैकी एक होते. आजचा राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रम २०१० मधला आहे. भारत त्या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमात येण्यापूर्वीच्या साऱ्या काळात एखाद्या तालुक्याच्या डॉक्टरला कधी शंका आलीच, तर ती लिहून पाठवावी असा देशात पत्ताच नव्हता.

आता डॉक्टरांसाठी असलेल्या त्या कार्यक्रमाच्या नोंदपत्रकात संशयित औषधाचे नाव, उत्पादक, बॅच क्रमांक, औषध कधी सुरू केले आणि कधी थांबवले, थांबवल्यावर त्रास कमी झाला का, असे रकाने आहेत, आणि रुग्णाच्या पूर्वेतिहासाच्या रकान्यात कंसात दिलेल्या उदाहरणांमध्ये गरोदरपणाचाही उल्लेख आहे. त्याखेरीज रुग्णांसाठी वेगळे पत्रक आहे, ते मराठीतही मिळते, आणि १८००-१८०-३०२४ या विनाशुल्क क्रमांकावर दूरध्वनी करूनही माहिती देता येते. ते पत्रक भरण्यासाठी डॉक्टरची सही लागत नाही. जिने गोळी घेतली, ती बाई ते स्वतः भरू शकते.